चालेल काय आणि बघेल कोण

बदलापूरच्या बेलवलीत सध्या दोनच धंदे तेजीत आहेत. एक, घरं विकण्याचा. दुसरा, घरं विकली जात असल्याचे व्हिडिओ करण्याचा. पहिल्याला जमीन लागते, भांडवल लागतं, परवानग्या लागतात. दुसऱ्याचं मोबाइल, एक गोल दिवा आणि कॉलरला अडकवायचा चिमुकला माइक एवढ्यावर भागतं. त्यामुळे दुसऱ्या धंद्यात पोरांची गर्दी जास्त आहे आणि पोरांच्या मागोमाग आता त्यांचे वडीलही यायला लागलेत.

"काका, चॅनल काढतोय. कोणते व्हिडिओ चालतील?" हा प्रश्न मला हल्ली जिन्यात भेटतो, रिक्षाच्या रांगेत भेटतो, आणि परवा तर तेराव्याच्या पंगतीत भेटला. मी पेपरात लिहितो म्हणजे मला 'कंटेंट' कळत असणार, अशी लोकांची समजूत आहे. आपलं सदर कोण वाचतं हे ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याला काय कपाळ सांगणार? पण सल्ला फुकट द्यायचा असला की मराठी माणूस मागे हटत नाही. मीही हटलेलो नाही.

विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, कुरडया-पापड विकणाऱ्या एक ताई आहेत. तिघांचीही तयारी जय्यत. चॅनलचं नाव ठरलंय, लोगो भाच्याने करून दिलाय, सुरुवातीचं संगीतही निवडून झालंय. ठरायचं एवढंच राहिलंय की दाखवायचं काय. आणि बघणार कोण, हा प्रश्न तर अजून कुणाच्या डोक्यात शिरलेलाच नाही. विचारलं तर उत्तर येतं, "सगळेच!"

सगळेच म्हणजे कोणीच नाही. याला पुरावा आमच्या गल्लीतच आहे.

आधी ज्यांना आपला प्रेक्षक पक्का ठाऊक आहे, त्यांचं कौतुक करून घेऊ. ते म्हणजे बिल्डरचे व्हिडिओ करणारे. "मित्रांनो, आज आपण आलोय बदलापूर वेस्टला, निसर्गाच्या कुशीत!" इथून सुरुवात. मग ड्रोन उडतो, डोंगर दिसतो, नदी दिसते आणि "स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं" हे वाक्य येतं. पाच मिनिटांत जायला वाहन कोणतं हे सांगत नाहीत. ड्रोनच असावा. व्हिडिओ नेहमी डिसेंबर-जानेवारीतला. जुलैमध्ये या लोकांचा कॅमेरा दुरुस्तीला गेलेला असतो. 'रिव्हर व्ह्यू' मात्र शंभर टक्के खरा. २००५ ला, २०१९ ला आणि २०२१ ला पश्चिमेच्या सखल वस्त्यांतल्या लोकांना नदी बघायला गॅलरीतही जावं लागलं नाही, नदीच घरात आली होती.

तरीही मी म्हणतो, धंदा शिकायचा तर यांच्याकडून शिका. या माणसाला बरोबर माहीत असतं की आपलं बोलणं कोण ऐकतंय. विक्रोळीत भाड्याच्या खोलीत राहणारं, दर अकरा महिन्यांनी सामान बांधणारं एक जोडपं. रात्री बाळ झोपल्यावर दोघं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बघतात. म्हणून तो स्वयंपाकघराचा ओटा दोनदा दाखवतो, संडास-बाथरूम वेगळं आहे हे ठासून सांगतो आणि कर्जाचा हप्ता भाड्याशी लावून दाखवतो. तो खरं किती बोलतो हा भाग निराळा. पण कुणाशी बोलतो, याबाबत त्याच्या मनात तिळमात्र गोंधळ नसतो.

दुसरं टोक म्हणजे माइकवाले. आमच्या पट्ट्यात, उल्हासनगरपासून वांगणीपर्यंत, माइकवर लोगोचा चौकोनी ठोकळा लावून फिरणाऱ्यांची संख्या आता रिक्षांशी स्पर्धा करते. पेव्हर ब्लॉकचं भूमिपूजन असो, भाऊंचा वाढदिवस असो, शाळेला बाकं वाटण्याचा सोहळा असो (बाकं चार, फोटोत माणसं चाळीस), हे हजर. सतरा मिनिटांचा व्हिडिओ. त्यात नारळ फुटायला चौदा मिनिटं लागतात. या व्हिडिओचा प्रेक्षकही अगदी नक्की आहे. तो एकच आहे आणि नारळ त्याच्याच हातात आहे. तो बघतो, पुढे पाठवतो आणि ज्यांना पाठवतो ते न बघता अंगठा दाखवतात. या प्रकारात तोटा कुणाचाच नाही. बातमी सोडली तर.

तिसरा प्रकार मोसमी आहे. पाऊस पडला की कोंडेश्वरचा धबधबा. दरवर्षी कोणी ना कोणी तिथे बुडतं, दरवर्षी प्रशासन मनाई आदेश काढतं, पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, आता नव्या संहितेच्या १६३ खाली निघतो. आणि दरवर्षी व्हिडिओ सुरू होतो तो असा: "मित्रांनो, इथे यायला सक्त मनाई आहे. तर चला, कसं यायचं ते बघू." पुढे मनाईचा फलक दिसतो, फलकाशेजारची पायवाट दिसते, पायवाटेवर पोलीस कुठे उभे असतात ते दिसतं आणि शेवटी धबधब्याखाली उभं राहून "काळजी घ्या" असा संदेश. समाजप्रबोधन म्हणतात ते हेच.

आता पैशाची गोष्ट. चॅनल काढणारा तोंडाने "पॅशन आहे" म्हणत असला तरी त्याच्या मनात आकडा असतो. जाहिरातींतला वाटा हवा तर यूट्यूबला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं दाखवावं लागतं. किंवा शॉर्ट्स करत असाल तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. ऐकायला सोपं आहे. मी निवृत्त गृहस्थांसमोर कागद घेऊन बसलो, कारण बँकेतल्या माणसाला कागदावरचंच पटतं. आठ मिनिटांचा व्हिडिओ, माणूस सरासरी निम्मा बघतो असं धरा, म्हणजे चार मिनिटं. ४,००० तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. भागिले चार, साठ हजार. साठ हजार वेळा कोणी तरी तो बघायला हवा. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे त्या हिशेबाने शहरातल्या दर तिसऱ्या माणसाने, अंगणवाडीतल्या पोरांसकट, त्यांचं 'मुदत ठेव की म्युच्युअल फंड' चार चार मिनिटं ऐकायला हवं.

"आणि शॉर्ट्स केले तर?" त्यांनी विचारलं.

एक कोटी भागिले पावणेदोन लाख. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाने सत्तावन्न वेळा. तेही तीन महिन्यांत.

गृहस्थ गंभीर झाले. मग म्हणाले, "सगळे काय बदलापूरचेच कशाला बघतील? अमेरिकेतला मराठी माणूसही बघेल." अमेरिकेतल्या मराठी माणसावर आपल्याकडे किती जबाबदाऱ्या टाकायच्या याला काही मर्यादा हवी. नाटकांचे दौरे त्याने बघायचे, गणपतीला वर्गणी त्याने द्यायची, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार त्याने करायचा, आणि आता न्यू जर्सीत बसून बदलापूरच्या माणसाचं मुदत ठेवीवरचं व्याख्यानही त्यानेच ऐकायचं!

खरा प्रेक्षक कुठे आहे ते बघायचं तर सकाळी लोकलमध्ये चढा. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, दीड तास. चढायला मिळालं तर. एक हात कडीला, दुसऱ्या हातात मोबाइल, पाठीवरची बॅग पोटावर. डब्यात खच्चून माणसं, पण बघणं ज्याचं त्याचं. परवा माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून एक जण शेअर बाजार बघत होता, माझ्या बगलेखालून एक मुलगी मेंदीची डिझाइनं बघत होती, आणि समोरचे आजोबा कीर्तन. तेही हेडफोनशिवाय, कारण पुण्य वाटल्याने वाढतं. कीर्तनकार रंगात आले की मध्ये जाहिरात यायची आणि अख्ख्या डब्याला गुडघेदुखीवरचं तेल ऐकावं लागायचं. अंबरनाथ गेलं, उल्हासनगर गेलं. विठ्ठलवाडीपर्यंत मी पंधरा-वीस माणसांचे अंगठे बघितले. अंगठा वर सरकतो, क्षणभर थांबतो, पुन्हा सरकतो. तुमचा व्हिडिओ त्या क्षणात बसला तर बसला. तिथे "नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे, मजेत ना?" विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही. उभ्याने प्रवास करणारा माणूस मजेत नसतो.

मग लोक थांबतात कशावर? इथे मला आमच्याच भागातली दोन उदाहरणं दिसतात आणि दोन्हीही 'कंटेंट' शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

एक, बैलांच्या शर्यती. आमच्याकडे बिनजोडची शर्यत असते. दोनच गाड्या, आमनेसामने पैज. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींवर परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला, आणि मैदानं पुन्हा धुळीने भरली. त्यांचे व्हिडिओ बघा. कॅमेरा हलतो, धूळ लेन्सवर बसते, गाडी धावते ती काही सेकंद. बाकी सगळं आधीचं आणि नंतरचं. बैल टेम्पोतून उतरतोय, अंगावर गुलाल पडतोय, मालक काही बोलत नाही, फक्त बैलाच्या वशिंडावर हात ठेवतो. समालोचक मात्र थांबत नाही. पाहणाऱ्याला बैलाचं नाव ठाऊक, त्याची मागची हार ठाऊक, हार का झाली याची स्वतःची थिअरी ठाऊक. पहिल्या क्रिकेट सामन्यापासून सगळे धावफलक तोंडपाठ असलेले म्हातारे असतात, तसे इथे बैलांचे वंशावळीकार आहेत. हा प्रेक्षक यूट्यूबने तयार केलेला नाही. तो आधीपासून मैदानाच्या कडेला उन्हात उभा होता. फक्त न्यायालयाच्या निकालाची वाट बघत होता.

दुसरं उदाहरण हळदीचं. आगरी-कोळी गाण्यांनी यूट्यूबवर जे काही केलंय ते भल्याभल्या संगीत कंपन्यांना जमलेलं नाही. कारण साधं. ती गाणी करणाऱ्याला विचारा, हे गाणं कशासाठी? तो "जेन-झी ऑडियन्ससाठी" म्हणणार नाही. तो म्हणेल, हळदीला वाजवायला. मांडव ठरलेला, बेंजोवाला ठरलेला, करवल्या ठरलेल्या, कोणत्या ओळीला म्हातारी आत्याबाई उठून नाचणार तेही ठरलेलं. आत्याबाई उठली की गाणं पास. ती बसून राहिली तर स्वित्झर्लंडला जाऊन चित्रीकरण केलं तरी नापास. एवढी कडक परीक्षा घेणारा अल्गोरिदम कॅलिफोर्नियात अजून लिहिला गेलेला नाही.

राज्यातली गाजलेली नावं काढून बघा, तेच दिसतं. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये रेसिपी दाखवायला सुरुवात केली तेव्हा मराठीत हा उद्योग आहे असं कुणी मानतही नव्हतं. पण घरापासून लांब राहणाऱ्या आणि आईला फोन लावून "फोडणीत आधी काय घालू" विचारणाऱ्या पोरी होत्याच. सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', सत्तरीच्या. नातवाने हाती कॅमेरा घेतला आणि आजींनी दाखवलं ते आपलं रोजचंच. कारल्याची भाजी! कोणत्याही सल्लागाराने ही यादीतून पहिल्या फटक्यात खोडली असती. कारल्याची भाजी लाखोंनी बघितली, कारण लाखोंना ती कडू होते. २०२० च्या ऑक्टोबरात त्यांचं चॅनल कुणी तरी हॅक केलं आणि त्याची बातमी राज्यभर झाली. आजीचं चॅनल परत मिळालं तेव्हा लोकांना घरचं माणूस सापडल्यासारखं वाटलं.

याउलट त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा गावोगावची हजारो पोरं रातोरात बेरोजगार झाली. कुणाचे दहा लाख फॉलोअर, कुणाचे वीस लाख, सकाळी उठून बघतात तर दुकानच नाही. त्यातला एखादाच सूरज चव्हाण निघतो. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा हा मुलगा टिकटॉकवर गाजला, बंदीनंतरही तगला, आणि २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी' जिंकून बाहेर आला. लोकांनी मतं दिली ती त्याच्या नाचाला की त्याच्या भाबडेपणाला, यावर वाद घालत बसा. पण त्याच्यानंतर भाबडेपणा शिकून घेणाऱ्यांची जी लाट आली, ती भयंकर आहे. आमच्या गल्लीतला एक इंजिनीअर मुद्दाम अशुद्ध बोलायला शिकतोय. आईने मराठी शाळेत घातलं असतं तर फुकटात झालं असतं म्हणे. मी त्याला म्हटलं, मराठी शाळेतलं बोलणं अशुद्ध असतं हे तुला कोणत्या शाळेत शिकवलं? तो म्हणाला, "काका, हे बोलणं रीलला चांगलं आहे, पुन्हा बोलाल का?"

नकलेचा विषय निघाला की आमच्या पट्ट्याला शेजारचं उल्हासनगर आठवतंच. फाळणीनंतर सगळं मागे टाकून आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडला आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे तिथे जगातली कुठलीही वस्तू बनायला लागली आणि 'मेड इन यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद अख्ख्या मुंबईने केला. पण त्या माणसांना एक गोष्ट कळत होती. नक्कल करायची तर गिऱ्हाइकाला परवडेल अशी करायची आणि शिवण टिकली पाहिजे. आजची थंबनेलची नक्कल बघा. तोच वासलेला जबडा, तोच लाल बाण, तेच "शेवटपर्यंत बघा, धक्का बसेल". शेवटपर्यंत बघितलं तर कळतं की कात्रपच्या नाक्यावर नवं मोमोजचं दुकान उघडलंय. धक्का बसतो हे खरं.

आणखी एक गोष्ट सांगतो, व्हिडिओवाल्यांना आवडणार नाही. आमच्या पट्ट्यातून जगभर बघितला गेलेला व्हिडिओ कोणत्याही 'क्रिएटर'ने केलेला नाही. १७ एप्रिल २०२१, वांगणी स्टेशन. अंध आईबरोबर चाललेलं लेकरू फलाटावरून रुळांवर पडलं, समोरून गाडी येतेय, आणि पॉइंट्समन मयूर शेळके रुळांतून धावत सुटले. लेकराला वर ढकललं, स्वतः वर चढले, गाडी गेली. हे टिपलं रेल्वेच्या सीसीटीव्हीने. ना माइक, ना गोल दिवा, ना "लाइक करा". रेल्वेने शेळके यांना ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातले निम्मे त्यांनी त्या मुलालाच देऊ केले. त्या दिवशी फलाटावर एखादा आमच्यासारखा हुशार उभा असता, तर त्याने काय केलं असतं? आधी मोबाइल आडवा धरला असता.

ही थट्टा नाही. बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी साचलं की मला हे दर पावसाळ्यात दिसतं. पाणी किती आहे ते वरून कळत नाही. तोंडाशी चार-पाच जण मोबाइल उगारून उभे. स्कूटरवरून एक बाई येतात, मागे पोरगी, पायात शाळेचे बूट. बाई थांबतात, अंदाज घेतात, विचारण्यासाठी या पोरांकडे बघतात. पोरं स्क्रीनमध्ये बघत असतात. बाई स्कूटर घालतात. अर्ध्यात इंजिन बंद पडतं, पोरगी रडायला लागते, आणि इकडे एक जण दुसऱ्याला म्हणतो, "आला का नीट?" संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. खाली हसणारे चेहरे. गाणंही लावलं होतं. "ताई, पाणी खोल आहे, पुलावरून जा" एवढं सांगायला तीन सेकंद लागले असते. पण मग व्हिडिओ झाला नसता.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर यापेक्षा वाईट पाहिलं. शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराने शहर हादरलं, २० तारखेला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद. लोकांचा संताप खरा होता. त्या संतापाच्या पाठीवर बसून जे व्हिडिओ फिरले, त्यांत मात्र कुणी मुलींबद्दल वाटेल त्या अफवा सांगत होतं, कुणी घर शोधत होतं. इंटरनेट बंद करावं लागलं, अफवा पसरवणाऱ्यांवर पोलिसांना कारवाई करावी लागली. पॉक्सो कायद्याचं कलम २३ पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याने माइक हातात घेऊ नये, आणि ठाऊक असून जो करतो त्याच्याबद्दल या सदराची भाषा पुरत नाही.

असो. प्रश्न चालेल कायचा होता.

तर कुरडयावाल्या ताईंना मी सांगितलं, तुम्ही गव्हाचा चीक दाखवा. कुरडया खाणारे पुष्कळ, पण चीक शिजवताना गुठळ्या का होतात हे सांगणारी सासू आता प्रत्येक घरात नाही. ताईंना पटलं. फक्त त्यांचा एक प्रश्न होता, "पण मग सगळ्या घरीच करतील, माझ्याकडून घेतील कोण?" मी म्हटलं, एकदा करून बघतील आणि दुसऱ्या वर्षीपासून तुमच्याकडूनच घेतील. चीक ढवळून हात भरून आल्यावर माणसाला विकतच्या कुरडईची किंमत कळते.

कॉलेजच्या पोरांना मी जांभळं सुचवली. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते बदलापुरात किती जणांना माहीत आहे? इंटरनेटवर 'बदलापूर' शोधा, आधी २०१५ चा वरुण धवनचा सिनेमा येतो. जांभूळ येतच नाही. हंगाम मोजून काही आठवड्यांचा. पाड्यावरच्या बाया भल्या पहाटे टोपल्या घेऊन येतात, स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात विकतात आणि दुपारच्या आत उठतात. हे झाड कुणी लावलं, चढतं कोण, फांदी मोडून पडायची भीती असताना का चढतं, आणि जिथे टॉवर उभा राहिला तिथली झाडं गेली कुठे? नव्या टॉवरमध्ये राहायला आलेली माणसं ते द्रोण विकत घेतात, त्यांना हे बघायला आवडेल. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकाने विचारलं, "काका, यात आम्ही कुठे दिसणार?"

हे खरं दुखणं. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून एक तरुण १९ सेकंद सांगतो की यांची सोंड फार लांब असते. हत्ती मागे, माणूस पुढे. तेव्हापासून मांडणी बदललेली नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी, २६ जुलैला, उल्हास नदी आमच्या पश्चिमेत शिरली. तेव्हा इथे मोबाइलवर चित्रीकरण करणारे जवळपास नव्हते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. तोवर प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला होता. चौदा वर्षांत कॅमेरे वाढले. पण नदी आता किती आहे आणि तासाभरात किती होईल, हे विचारायला लोक अजून एकमेकांना फोनच करतात.

नाही म्हणायला आमच्या शहरात अभिजित मोडक आहेत. खासगी हवामान अभ्यासक. बदलापुरात आज किती अंश, किती मिलिमीटर, हे ते सांगतात आणि वर्तमानपत्रं त्यांचे आकडे छापतात. त्यांना "कोणते विषय चालतात" असं विचारायची गरज पडत नसावी. एप्रिलमध्ये ऊन चालतं, जुलैमध्ये पाऊस.

म्हणून माझी या पोरांना एकच मागणी आहे, सल्ला म्हणा हवं तर. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०. येत्या पावसाळ्यात तुमच्यापैकी कुणी तरी रोज सकाळी सहाला, पहिल्या गर्दीच्या लोकलआधी, तीस सेकंदांत तीन गोष्टी सांगा. नदी किती, भुयारी मार्गात पाणी किती, गाड्या किती उशिरा. आकडा सरकारी फलकावरून घ्या, मनाचा घालू नका. थोबाड दाखवायचंच असेल तर दाखवा, नाचत सांगितलंत तरी चालेल. बघायला मी आहे, ती स्कूटरवाली बाई आहे, आणि ६८ किलोमीटर उभ्याने जाणारा अख्खा डबा आहे.